सीमेवरचा कालवा : युद्धाच्या चार वर्षांत एक कंपनी कशी तगली

कालवा म्हटलं की आपल्याकडे ऊस, चाऱ्या, पाटकरी आणि आवर्तन कधी सुटणार याची चर्चा डोळ्यांसमोर येते. या लेखातला कालवा शेतीसाठी खणलेला नव्हता. त्यातून कोळशाने भरलेल्या बोटी जायच्या आणि त्या बोटींकडून टोल घेऊन एक कंपनी आपला खर्च भागवायची. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, म्हणजे संघराज्यात राहिलेली उत्तरेची राज्यं आणि फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं एकमेकांशी लढू लागली, तेव्हा हा कालवा दोन सैन्यांच्या बरोबर मधे सापडला.

कंपनीचं नाव चेसापीक अँड ओहायो कॅनाल कंपनी. राजधानी वॉशिंग्टनला लागून असलेल्या जॉर्जटाउनपासून मेरीलँडच्या डोंगराळ भागातल्या कंबरलँडपर्यंत तिचा कालवा होता, १८४.५ मैल, म्हणजे जवळपास २९७ किलोमीटर. तो पोटोमॅक नदीला धरून, तिच्या उत्तर काठाने जातो. उत्तरेला मेरीलँड राज्य : तिथे गुलामगिरी कायदेशीर होती, पण राज्य संघराज्यातच राहिलं. पलीकडच्या काठाला व्हर्जिनिया : फुटून दक्षिणेला मिळालेलं. म्हणजे नदी हीच सीमा. आणि कालवा नदीपासून कित्येक ठिकाणी इतका जवळ, की पलीकडून झाडलेली गोळी बोटीवर सहज यावी.

युद्धकाळात कंपनी चालवणं म्हणजे काय, हे समजून घ्यायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही. लढाया कुणी जिंकल्या, कुणी हरल्या हे खूप लिहिलं गेलं आहे. पण लढाई पुढे सरकल्यावर फुटलेला भराव कोण भरतं, त्याचे पैसे कुठून येतात, आणि दोन्हीकडचे लोक संशयाने बघत असताना रोजचं काम कसं चालतं, हे फारसं कुणी विचारत नाही.

आधी कालवा चालतो कसा ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे.

जॉर्जटाउन ते कंबरलँड चढण ६०५ फुटांची. पाणी चढ चढत नाही, म्हणून कालव्याचे सपाट टप्पे पाडले आणि दोन टप्प्यांच्या मधे लॉक बांधले. लॉक म्हणजे साधारण १०० फूट लांब, १५ फूट रुंद दगडी हौद. त्याच्या दोन्ही टोकांना जड लाकडी दरवाजे असतात. बोट आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, खालच्या झडपा उघडून पाणी सोडायचं. बोट हळूहळू खालच्या पातळीला आली की पुढचा दरवाजा उघडायचा. वर जायचं असेल तर याच्या उलट. असे ७४ लॉक होते. लॉकवाला तिथेच कंपनीने दिलेल्या घरात कुटुंबासह राहायचा आणि बोटीने शिंग फुंकलं की दिवस असो वा रात्र, दरवाजे उघडायला बाहेर यायचा. नदीला मिळणारे ओढे आणि उपनद्या ओलांडायला ११ जलसेतू होते. जलसेतू म्हणजे पुलावरून नेलेला कालवा : खाली नदी वाहते आणि वर पाण्यातून बोट जाते. नव्वद फुटांहून लांब बोट, पोटात शंभरावर टन कोळसा, आणि ओढायला काठाच्या वाटेवरून चालणारी खेचरं.

आता पाण्याचं. नदीत ठरावीक अंतरावर धरणं घातली होती आणि त्यांनी अडवलेलं पाणी कालव्यात वळवलं होतं. प्रत्येक धरण आपल्या खालच्या टप्प्याला पाणी पुरवतं. उदाहरणार्थ पाच नंबरचं धरण : तिथपासून चार नंबरच्या धरणापर्यंतचे सुमारे २२ मैल या एकाच धरणाच्या पाण्यावर. ते धरण गेलं तर २२ मैल कोरडे. पण कोळसा येतो वरून, कंबरलँडहून, आणि जायचा असतो खाली, जॉर्जटाउनला. त्यामुळे २२ मैल कोरडे म्हणजे सगळा धंदा बंद. बाकीच्या १६० मैलांत काठोकाठ पाणी असून उपयोग नाही.

यातच कंपनीचं दुखणं आहे. तिची मालमत्ता शेकडो किलोमीटर पसरलेली, सगळीकडून उघडी, आणि एका जागी तुटली की सगळीकडे तुटते. शिवाय धरण नदीच्या आरपार असल्यामुळे त्याचं एक टोक मेरीलँडमध्ये आणि दुसरं थेट शत्रूच्या काठाला टेकलेलं.

दक्षिणेचा सेनापती स्टोनवॉल जॅक्सन याच्या हे बरोबर लक्षात आलं होतं. १८६१ च्या जूनमध्ये दक्षिणेच्या सैन्याने पोटोमॅककाठच्या हार्पर्स फेरी गावाजवळचा रेल्वेपूल उडवला आणि बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा मुख्य मार्ग तोडला. वॉशिंग्टनला पश्चिमेकडचा कोळसा आणायला आता हा कालवाच उरला. शहराला गॅससाठी, शेगड्यांसाठी, आगबोटींसाठी कोळसा हवा होता, आणि कंबरलँडच्या कोळशाला आगबोटींसाठी विशेष मागणी असे. डिसेंबरमध्ये जॅक्सनने पाच नंबरच्या धरणावर दोनदा माणसं पाठवली. धरण त्या वेळी बरंचसं लाकडी होतं : ओंडक्यांचे पिंजरे करून त्यांत दगड भरलेले. कडाक्याच्या थंडीत, बर्फासारख्या पाण्यात उतरून, रात्रीच्या अंधारात त्याची माणसं ओंडके फोडत होती आणि समोरच्या काठावरून उत्तरेचे सैनिक गोळ्या झाडत होते. शेवटी खिंडार पडलं. जॅक्सनला वाटलं, काम झालं.

झालं नव्हतं. थोड्याच दिवसांत बोटी पुन्हा चालू लागल्या. लाकडी धरण फोडायला सोपं असतं, तसंच बुजवायलाही सोपं असतं : ओंडके आणि दगड दोन्ही जवळच मिळतात, आणि दर पुरानंतर हेच काम करत आलेली माणसं कंपनीकडे होती. पोटोमॅक ही दांडगी नदी आहे. १८५२ च्या पुराने कालव्याची दैना केली होती. कंपनीच्या दुरुस्तीच्या टोळ्या सैन्यं येण्याच्या कितीतरी आधीपासून फुटलेले भराव, वाहून गेलेल्या भिंती आणि गाळाने भरलेले टप्पे यांच्याशी झगडत होत्या. माझ्या मते कंपनी तगण्याचं सगळ्यांत मोठं कारण हेच. तिच्याकडे तोफा नव्हत्या, राजकीय वजन बेताचं होतं, तिजोरीत तर नेहमीच खडखडाट. पण तुटलेलं जोडायचं कसब होतं आणि ते मुरलेलं होतं.

तिजोरीचं थोडं सांगायला हवं. कालव्याचं खोदकाम ४ जुलै १८२८ रोजी सुरू झालं. त्याच दिवशी बाल्टिमोरमध्ये प्रतिस्पर्धी रेल्वेची पायाभरणी झाली. रेल्वे कंबरलँडला १८४२ मध्ये पोहोचली, कालवा १८५० मध्ये. तोवर एक कोटी दहा लाख डॉलरहून जास्त खर्च झाला होता आणि ओहायो नदीपर्यंत जायचं स्वप्न कंबरलँडलाच संपलं होतं. यातला बराच पैसा मेरीलँड राज्याचा, काही भाग कर्जरूपाने, काही शेअरच्या रूपात. त्यामुळे कंपनी नावाला खासगी असली तरी अध्यक्ष आणि संचालक राज्यातल्या राजकारणाच्या वाऱ्याप्रमाणे बदलायचे. उत्पन्न एकच : टोल. बोटी कंपनीच्या नव्हत्या, त्या बोटवाल्यांच्या किंवा कोळसा कंपन्यांच्या. कालवा बंद पडला की त्या दिवसापासून उत्पन्न शून्य. लॉकवाल्यांचे पगार आणि कर्जाचं व्याज मात्र चालूच. त्यात हिवाळ्यात बर्फामुळे कालवा तसाही बंद असायचा. म्हणजे कमाईचे महिने मोजके, आणि नेमक्या त्याच महिन्यांत सैन्यंही बाहेर पडायची, कारण चिखल वाळलेला असतो आणि नदी उतरलेली असते.

आता ज्या गोष्टीचा मला खरोखर राग येतो ती. शत्रूने केलेलं नुकसान समजू शकतो. पण या कंपनीला स्वतःच्या बाजूच्या सैन्यानेही कमी छळलं नाही.

जॉर्जटाउनजवळ एक मोठा जलसेतू पोटोमॅक ओलांडून पलीकडे जायचा. तिथून अलेक्झांड्रिया कॅनाल कंपनी या छोट्या स्थानिक कंपनीचा सात मैलांचा कालवा सुरू व्हायचा. कंबरलँडच्या बोटी या सेतूवरून थेट अलेक्झांड्रियाच्या धक्क्यांपर्यंत जात आणि तिथे कोळसा जहाजांवर चढे. १८६१ मध्ये उत्तरेच्या सैन्याने हा सेतू ताब्यात घेतला, त्यातलं पाणी काढून टाकलं आणि कोरड्या तळावर गाड्यांसाठी रस्ता केला. लष्कराच्या दृष्टीने ते बरोबरच होतं : व्हर्जिनियात सैन्य न्यायला पूल हवा होता. पण छोट्या कंपनीचा धंदा एका हुकमाने संपला आणि मोठ्या कंपनीला सगळा कोळसा जॉर्जटाउनच्या अपुऱ्या धक्क्यांवर उतरवावा लागला.

१८६२ च्या फेब्रुवारीत उत्तरेचा सेनापती मॅक्लेलन याला हार्पर्स फेरीजवळ नदीवर बोटींचा पूल हवा होता. कालव्यातल्या मोठ्या बोटी आणायच्या, तिथल्या लॉकमधून नदीत सोडायच्या, एकीला एक जोडून पूल करायचा. बोटी आल्या, सैन्य जमलं, आणि मग कळलं की नदीत उतरणारा तो लॉक बोटींपेक्षा काही इंच अरुंद आहे. योजना तिथेच सोडून द्यावी लागली आणि वॉशिंग्टनमध्ये सेनापतीची शोभा झाली. त्या लॉकची रुंदी काठावरच्या कुठल्याही लॉकवाल्याने किंवा बोटवाल्याने तोंडपाठ सांगितली असती. विचारणा वेळेवर झाली नाही एवढंच.

पुढच्याच महिन्यात, मार्चमध्ये, आणखी एक प्रकार घडला. दक्षिणेची लोखंडी पत्र्याची युद्धनौका ‘मेरिमॅक’ हॅम्प्टन रोड्सच्या खाडीत उत्तरेची लाकडी जहाजं बुडवून गेली आणि वॉशिंग्टनमध्ये घबराट पसरली : ती पोटोमॅकमधून वर आली तर? युद्धमंत्री स्टँटनने कालव्यावरच्या डझनावारी बोटी ताब्यात घेतल्या, त्यांत दगड भरायला लावले आणि वेळ आली तर नदीच्या पात्रात बुडवून वाट अडवायची असं ठरवलं. नौदलमंत्री गिडियन वेल्सने कडाडून विरोध केला : नदी अडली तर आपलीच राजधानी बंद होईल. ‘मेरिमॅक’ काही आली नाही. लिंकनने पुढे काठाला पडून असलेल्या त्या बोटी पाहून ‘स्टँटनचं आरमार’ अशी त्यांची थट्टा केली. ज्यांच्या त्या बोटी होत्या त्यांना ही थट्टा परवडणारी नव्हती. एक बोट म्हणजे एका कुटुंबाचं घर आणि पोट दोन्ही. मार्च हा हंगाम सुरू होण्याचा महिना, आणि ऐन हंगामात बोटी नाहीत म्हणजे कोळसा नाही, कोळसा नाही म्हणजे टोल नाही.

याशिवाय रोजची झीज. कालव्याच्या काठावर छावण्या पडल्या होत्या, पहारे बसले होते. खेचरांच्या चालीसाठी केलेल्या मातीच्या वाटेवरून घोडदळ आणि सामानाच्या गाड्या गेल्या की भराव खचायचा. कालव्याच्या भरावाला लहानसं भोकही चालत नाही. चिचुंद्रीएवढ्या प्राण्याचं बीळ पडलं तरी पाणी झिरपतं, वाट मोठी होते आणि एका रात्रीत भराव फुटतो. त्यासाठी काठाने पायी फिरून गळती शोधणारी माणसं नेमलेली असत, अगदी आपल्या पाटकऱ्यासारखी. युद्धात याच माणसांना पहारेकऱ्यांच्या परवानगीशिवाय हिंडता येईना.

१८६२ च्या सप्टेंबरमध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली नदी ओलांडून मेरीलँडमध्ये घुसला. सगळ्यांत मोठा धोका होता मोनॉकसी नदीवरच्या जलसेतूला. सात कमानी, पाचशे फुटांहून लांबी, जवळच्या शुगरलोफ डोंगरातल्या दगडाचं काम, १८३३ मध्ये पूर्ण झालेलं. लाकडी धरण आठवड्यात बुजवता येतं. हा सेतू पडला असता तर कोळशाचे कित्येक हंगाम गेले असते. लीच्या हाताखालच्या जनरल वॉकरच्या सैनिकांनी सुरुंगासाठी भोकं पाडायचा प्रयत्न केला, पण त्यांची पहारी बोथट आणि दगड एकजीव. वॉकरने नंतर लिहून ठेवलं की हे बांधकाम जणू एकाच अखंड शिळेचं वाटत होतं. काम सोडून ते पुढे गेले. तीस वर्षांपूर्वी ज्या गवंड्यांनी चुना कालवला त्यांनी कंपनीला वाचवलं, असं मी मनापासून म्हणेन.

या सेतूच्या गोष्टीत थॉमस वॉल्टर नावाचा लॉकवालाही आहे. सत्तावीस नंबरच्या लॉकवर त्याची नेमणूक होती. दक्षिणेचा जनरल डी. एच. हिल सेतू उडवायच्या विचारात होता, तेव्हा वॉल्टरने त्याची समजूत घातली : कालवा बंदच करायचा असेल तर पाणी काढून टाका, सेतू कशाला पाडता? फुटलेला काठ भरता येतो, सेतू पुन्हा उभा करता येत नाही, हा हिशोब वॉल्टरला कळला होता. कंपनीने त्याला काय दिलं? शत्रूला मदत केल्याच्या आरोपावरून कामावरून काढलं. युद्धात अशीच माणसं सापडतात. कंपनीची सगळ्यांत मोलाची वस्तू ज्याने शब्दांनी राखली, त्याचं शत्रूशी बोलणं हाच गुन्हा ठरला.

अध्यक्षाची गतही निराळी नव्हती. युद्धाच्या बहुतेक काळात आल्फ्रेड स्पेट्स हा अध्यक्ष होता. त्याच्या निष्ठेबद्दल उत्तरेच्या अधिकाऱ्यांना संशय होता आणि त्याला अटकही झाली. मेरीलँडमध्ये तेव्हा घराघरांत दोन्हीकडचे लोक होते, आणि कंपनीत राज्याचा पैसा असल्यामुळे हा संशय थेट संचालकांच्या टेबलापर्यंत यायचा. स्पेट्सच्या मनात काय होतं याचा निवाडा मी करणार नाही. पण त्याच्या जागी कोणीही असता तरी प्रश्न तेच राहिले असते. धरणाच्या पलीकडच्या टोकाशी दुरुस्ती करायची तर तिथे ज्याचे पहारेकरी असतील त्यांच्याशी बोलावंच लागतं. सैन्य निघून गेलं की त्याच दिवशी माणसं कामाला लावायची तर ते कधी निघणार याची बातमी ठेवावी लागते. आणि अशी बातमी ठेवणारा माणूस दोन्ही बाजूंना हेर वाटतो.

पुढची दोन वर्षं थोडक्यात सांगतो, कारण चक्र तेच फिरत राहिलं. १८६३ च्या जूनमध्ये ली पुन्हा उत्तरेला आला, त्याच्या घोडदळाने वाटेत कालव्यातल्या बोटी पकडल्या. गेटिसबर्गची लढाई हरून माघार घेताना नदीला पूर आला आणि त्याचं सैन्य विल्यम्सपोर्टला अडकलं. तेव्हा पूल बांधण्यासाठी लागणारं लाकूड त्यांनी कालव्याकाठच्या गावातली गोदामं मोडून काढलं. १८६४ च्या जुलैत दक्षिणेचा जनरल अर्ली वॉशिंग्टनच्या वेशीपर्यंत आला. त्याच दिवसांत बोटी जळाल्या, लॉक मोडले, आणि दक्षिणेच्याच मोस्बीच्या घोडेस्वारांनी पॉइंट ऑफ रॉक्सजवळ कालव्यात धाड घातली. प्रत्येक वेळी सैन्य गेलं, दुरुस्तीच्या टोळ्या आल्या, पाणी सोडलं, बोटी निघाल्या. मात्र टोळ्या उभ्या करणं दरवर्षी अवघड होत गेलं. तरणी माणसं सैन्यात गेली होती. सरकारने १८६२ पासून सोन्याचा आधार नसलेल्या कागदी नोटा छापल्या होत्या, महागाई चढत होती आणि मजुरीही. खेचरं तर दोन्ही सैन्यांना हवी होती.

तरीही धंदा परत आला. १८६१ आणि १८६२ ही सगळ्यांत वाईट वर्षं गेली. १८६३ पासून कोळसा पुन्हा वाढू लागला, कारण कोळसा हवा असणाऱ्यांची संख्या युद्धानेच वाढवली होती. १८६४ च्या शरद ऋतूत उत्तरेचा सेनापती शेरिडन याने व्हर्जिनियातलं शेनांडोआ खोरं जिंकलं आणि नदीपलीकडून येणाऱ्या मोठ्या धाडी थांबल्या. युद्ध संपलं त्या वर्षी वाहतूक युद्धापूर्वीच्या पातळीच्या पुढे गेली होती आणि १८७० च्या दशकात कंपनीने आपले सगळ्यांत चांगले हंगाम पाहिले.

अलेक्झांड्रियाच्या छोट्या कंपनीचं तसं झालं नाही. तिचा जलसेतू १८६६ पर्यंत लष्कराकडेच होता, आणि परत मिळाला तेव्हा त्याची पार दुर्दशा झालेली होती. दुरुस्त करायला तिच्याकडे पैसे नव्हते. तिने सेतू आणि कालवा ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दुसऱ्यांच्या हाती दिला. नव्या लोकांनी त्यात पुन्हा पाणी आणलं, वर गाड्यांसाठी लाकडी रस्ता बांधला, आणि टोल ते घेऊ लागले.